जागेवरचा दगड

सुपडू नाना दगड उचलायचे, उलटा करून पाहायचे आणि परत ठेवायचे. एवढं तर भूगर्भशास्त्राच्या विभागात सगळेच करतात. नानांचं वेगळेपण असं की दगड जसा होता तसाच ते परत ठेवायचे. वरची बाजू वर, खालची खाली, मूळच्या खळग्यात नीट बसवून, वर अंगठ्यानं कडेची माती दाबून. वीस विद्यार्थी पुढच्या थांब्याकडे निघालेले, बस हॉर्न वाजवतेय, मी हातातल्या यादीवर वेळ लिहितेय आणि नाना उकिडवे बसून एका दगडाचं बूड बसवताहेत.

"नाना, इतकं कशाला?" मी एकदा विचारलं.

"मॅडम, त्यानं घर शे ते," ते त्यांच्या अहिराणीत म्हणाले. "आपन पाव्हना."

जळगावच्या आमच्या कॉलेजात ते भूगर्भशास्त्र विभागाचे परिचर होते आणि मी त्याच विभागात प्राध्यापक. बावीस वर्षं आम्ही एका छपराखाली काढली. त्यातली निदान वीस वर्षं मी त्यांचा हेवा केला. हे सुरुवातीलाच सांगून टाकते, म्हणजे पुढं माझ्या शब्दांना किती वजन द्यायचं ते वाचणाऱ्याला ठरवता येईल.

नानांचं गाव धुळ्याहून साक्रीकडे जाताना डाव्या हाताला आत होतं. बाप, आजा, चुलते सगळे विहिरी खोदणारे. नानाही सतरा-अठरा वर्षांचे होईपर्यंत दोराला लटकून विहिरीत उतरत होते. मग कोणीतरी कॉलेजात चिकटवलं. शिक्षण सातवीपर्यंत. अंगात पांढरा सदरा, खाली खाकी पँट आणि पँटच्या मागच्या खिशात कायम एक ओलं फडकं. ओला केल्याशिवाय दगडाचा रंग कळत नाही, म्हणून ते फडकं. दगडावर तोंडानं वाफ सोडायची, लगेच नाक लावायचं आणि मातीचा वास येतो का ते बघायचं, ही दुसरी सवय. नवे विद्यार्थी हसायचे. मग मीच त्यांना सांगायचे की ही शास्त्रशुद्ध पद्धत आहे, पुस्तकात आहे. नानांनी ते पुस्तक पाहिलेलं नव्हतं, हे मात्र मी सांगत नसे.

दर शनिवारी दुपारी नाना कपाटातले सगळे नमुने बाहेर काढून पुसायचे. प्रत्येक नमुन्यावर पांढऱ्या रंगाचा ठिपका आणि त्यावर काळ्या शाईनं माझ्या अक्षरात क्रमांक. क्रमांकांचं रजिस्टर माझ्याकडे. नाना रजिस्टर बघत नसत. हातात आला की कोणता दगड, कोणत्या कप्प्यातला, कोणत्या सालच्या सहलीत कोणत्या ओढ्यातून उचलला, हे त्यांना तोंडपाठ असे. एकदा मी मुद्दाम दोन नमुन्यांची जागा बदलून ठेवली होती. पुढच्या शनिवारी ते आपापल्या जागी होते.

माझी पीएचडी धुळे जिल्ह्यातल्या डाइकवर आहे. डाइक म्हणजे जमिनीच्या उभ्या भेगेत लाव्हा शिरून गोठल्यावर झालेली काळ्या दगडाची भिंत. धुळ्याकडे अशा भिंती मैलोन्‌मैल गेलेल्या आहेत. कुठं टेकडीच्या कण्यासारख्या वर आलेल्या, कुठं शेतांखाली गाडलेल्या. गाडलेली भिंत भूजलाला अडवते, त्यामुळे तिच्या एका अंगाच्या विहिरींना पाणी असतं आणि दुसऱ्या अंगाच्या कोरड्या जातात, हे मी सहा वर्षं घालवून, शंभराच्या वर विहिरी मोजून सिद्ध केलं. प्रबंध बांधून आला त्या दिवशी विभागात पेढे वाटले. नानांनी प्रबंध हातात घेतला, त्यातला नकाशा उलगडला आणि बराच वेळ पाहिला.

"हाई ते मना बापले बी म्हाईत व्हतं," ते म्हणाले. मग माझा चेहरा पाहून घाईघाईनं म्हणाले, "पन तुम्ही लिखं, हाई चांगलं कयं."

ते मनापासून म्हणाले होते. टोमणा असता तर मी सोडून दिला असता.

मग ते शिबिर आलं.

अंतराळात जायची तयारी करणाऱ्या चौघा अधिकाऱ्यांना दगड वाचायला शिकवायचं होतं. चंद्रावर आपल्याला इथून जे काळसर डाग दिसतात, तेही गोठलेला लाव्हाच आहे. तिथं उतरणाऱ्याला कोणता दगड उचलायचा आणि कोणता सोडायचा हे कळलं पाहिजे. तो सराव करायला काळ्या दगडाचं उघडं रान हवं आणि ते आमच्याकडे हवं तेवढं आहे. बंगळुरूहून एक शास्त्रज्ञ शिबिरप्रमुख म्हणून येणार होते. त्यांना आम्ही सगळे डॉक्टरसाहेब म्हणत असू. स्थानिक मार्गदर्शक म्हणून माझं नाव ठरलं. हे शिबिर पसंत पडलं तर दर वर्षी होणार होतं, त्याची कायमची मार्गदर्शक मी असणार होते आणि थांब्यांची जी पुस्तिका मी करेन तीच पुढं सगळ्यांना दिली जाणार होती, माझ्या नावानं. मेहरूणच्या तलावाला रोज सकाळी फेरी मारताना मी त्या पुस्तिकेचं मुखपृष्ठ डोळ्यांसमोर आणत असे.

मी नऊ थांबे ठरवले. प्रत्येक थांब्याचं एक पान, त्यावर काय दिसतं, किती वेळ थांबायचं, सावली कुठं, गाडी कुठं वळते. पाणी, टोप्या, औषधं, वॉकीटॉकीच्या जादा बॅटऱ्या यांच्या याद्या वेगळ्या. नानांचं नाव सामान उचलणाऱ्यांच्या यादीत होतं.

सरावाची पद्धत अशी होती. दोघं-दोघं माळावर जायचे आणि दिसेल ते वॉकीटॉकीवर सांगायचे. आम्ही टेकडीमागे तंबूत बसायचो. तिथून माळ दिसत नसे. नुसत्या त्यांच्या बोलण्यावरून आम्ही नकाशा काढायचा. संध्याकाळी नकाशा आणि माळ ताडून पाहायचे. पहिल्या दिवशी दगडाचं नाव घ्यायला बंदी होती. काय दिसतं तेवढंच बोलायचं.

पहिल्या सकाळी वॉकीटॉकीवर आवाज येत राहिला, काळा दगड, बारीक कण, भेगा, परत काळा दगड. डॉक्टरसाहेबांची पेन्सिल थांबली. मीही अडकले. नाना किटलीतून चहा ओतत होते. ओतता ओतताच म्हणाले, "साब, उनको पूछो ना, पाँव चढ़ा क्या उतरा?"

डॉक्टरसाहेबांनी तसंच विचारलं. उत्तर आलं की गेली वीस पावलं चढ आहे आणि आता एकदम उतार लागला. म्हणजे ते भिंत ओलांडून गेले होते. डॉक्टरसाहेबांनी कागदावर एक सरळ रेघ मारली आणि नानांकडे वळून पाहिलं. दुपारपर्यंत नाना वॉकीटॉकीशेजारच्या स्टुलावर बसलेले होते आणि चहा मी ओतत होते.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरसाहेबांनीच त्यांना चौघांबरोबर माळावर पाठवलं. चौघांत राघवन नावाचा एक शांत अधिकारी होता. तो नानांच्या शेजारून हलेना. नाना त्याला त्यांच्या मोडक्या हिंदीत सांगत होते, "पत्थर को तीन सवाल पूछने का. तू इधर का है क्या? कब से है? किसके साथ आया?"

"बस, तीन ही?" राघवननं विचारलं.

"गाव में नया मेहमान आया तो और क्या पूछते, साब? गाव कौन सा, कब आए, किसके साथ आए. बाकी वो खुद बताता."

चौघं हसले. मग चौघांनी ते आपापल्या वह्यांत लिहून घेतलं. माझ्या पुस्तिकेच्या नऊ पानांतलं त्यांनी काही लिहून घेतलेलं मी पाहिलं नव्हतं. ते पान वाचायचे, मान हलवायचे, पान उलटायचे.

नाना त्यांना दगड उचलायला आणि परत ठेवायलाही शिकवत होते. एका जागी बरीच वर्षं पडलेल्या दगडाखालचं गवत पांढरं पडून मेलेलं असतं, तिथं मुंग्या घर करतात आणि दगडाच्या पोटाला ओलसर माती चिकटलेली असते. कालपरवा आलेल्या दगडाखाली गवत दबलेलं पण हिरवंच असतं. दिवाळी नुकतीच होऊन गेली होती, माळावर गवत होतं, त्यामुळे दाखवायला सोपं गेलं. जेवायला सगळे एका पवनचक्कीच्या सावलीत बसले. मी डबे मोजून आणले होते. नानांनी फडक्यातून कळण्याची भाकरी आणि ठेचा काढला आणि चौघं डबे बाजूला सारून तेच मागू लागले. एकाला ठेच्यानं उचकी लागली. नाना त्याला म्हणाले, "चाँद पे ये मत ले जाना, साब. वहाँ पानी नहीं."

त्या दिवशी माझ्या डायरीत मी एक यादी सुरू केली. नानांनी कोणी न विचारता सांगितलेल्या गोष्टी. संध्याकाळपर्यंत ती अकरावर गेली होती.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मी एकटीच गाडी घेऊन सातवा थांबा पाहायला गेले. चौथ्या दिवशी शेवटचा सराव तिथं होता. प्रत्येक जोडीनं त्या भागातला एकच दगड निवडायचा होता, कारण चंद्रावरून परत आणायच्या पेटीत जागा थोडी असते. सातव्या थांब्याच्या पानावर मी लिहिलं होतं की इथं काळ्या दगडातल्या पोकळ्यांत झिओलाइट या खनिजाचे पांढरे स्फटिक दिसतात. ते मी पीएचडीच्या वेळी पाहिले होते. नंतर तिथं गेलेच नव्हते. जुन्या वहीतून पान उतरवून घेतलं होतं.

तिथं स्फटिक नव्हते. तो कडाच नव्हता. खडीसाठी कोणीतरी तो केव्हाच फोडून नेला होता. राहिला होता एक बुटका, काळा, कोरा ओटा.

बाकी आठ थांबे मी प्रत्यक्ष जाऊन तपासले होते. हा एकच राहिला होता. दुसऱ्या कोणाला मी सांगितलं असतं की मग उद्या तो थांबा गाळ, चूक कबूल कर. पण डॉक्टरसाहेब पुस्तिका वाचून आले होते आणि स्टुलावर नाना बसलेले असणार होते. गाडीत नमुन्यांची पेटी होती. त्यात क्रमांक दोनशे बारा होता, मुठीएवढा, एका अंगाला पांढऱ्या सुयांसारखे स्फटिक असलेला. मी किल्लीनं त्याच्यावरचा पांढरा ठिपका खरवडून काढला आणि दगड ओट्याच्या कडेला गवतात ठेवला. मग परत येऊन हात धुतले.

चौथ्या दिवशी दुपारी तंबूत आम्ही तिघं होतो, डॉक्टरसाहेब, मी आणि नाना. राघवनचा आवाज आला.

"एक सुटा दगड आहे. मुठीएवढा. एका बाजूला पांढरे स्फटिक." मी श्वास सोडला. मग तो म्हणाला, "याच्या खाली गवत हिरवं आहे. दबलेलं, पण हिरवं. पोटाला माती नाही. आसपासच्या दगडात असे स्फटिक कुठंही नाहीत. हा इथला नाही. काल किंवा आज कोणीतरी आणून ठेवलाय. हा मी घेत नाही."

डॉक्टरसाहेबांनी पेन्सिल खाली ठेवली.

"हा परीक्षेचा भाग होता का?" त्यांनी मला विचारलं. "तुम्ही ठेवलात?"

त्यांच्या आवाजात राग नव्हता. मी हो म्हटलं असतं तर कदाचित ते मला हुशारच समजले असते. पण त्यांनी लगेच पुढची गोष्ट विचारली, "आणि पानावर लिहिलेले स्फटिक कुठं आहेत?" मी पुस्तिकेतलं सातव्या थांब्याचं पान शोधू लागले.

"मेरे थैली से गिरा होगा, साब," नाना म्हणाले. "कल पेटी लेके उधरसेच गया था."

ते त्या बाजूनं गेलेच नव्हते. पेटी दिवसभर गाडीत होती आणि गाडीची किल्ली माझ्याकडे. नानांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ते वॉकीटॉकीकडे पाहत होते, जणू राघवन अजून काही सांगणार आहे.

डॉक्टरसाहेब सभ्य माणूस होते. ओरडले नाहीत. म्हणाले की सरावाच्या जागी बाहेरचा दगड पडणं म्हणजे सगळ्या सरावावर पाणी, यापुढं माळावर फक्त प्रशिक्षक असतील, मदतनीस नकोत. मग मला म्हणाले, "नोंद करा."

मी नोंद केली. अहवालात ते वाक्य आजही आहे. 'परिचराच्या निष्काळजीपणामुळे विभागातील एक नमुना सरावक्षेत्रात पडला.' अक्षर माझं आहे आणि वाक्य खोटं आहे. सातव्या थांब्याचं पान पुस्तिकेतून काढलं. कडा फोडला गेलाय, हे मी दुसऱ्या दिवशी सहज आठवल्यासारखं सांगितलं.

परतीच्या बसमध्ये नाना माझ्या मागच्या सीटवर होते. पारोळ्यापर्यंत मी वाट पाहिली, ते काहीतरी बोलतील म्हणून. ते खिडकीला डोकं टेकून झोपले होते. नाहीतर तसं दाखवत होते. जळगावला उतरताना एवढंच म्हणाले, "पेटी मी उतरस, मॅडम. तुम्ही जा."

पुढच्या वर्षीच्या शिबिराची मी कायमची मार्गदर्शक झाले. मुखपृष्ठावर माझं नाव आलं, मी ठरवलं होतं त्याच टायपात. चौघं परत आले. गाडीतून उतरल्या उतरल्या राघवननं विचारलं, "नाना कहाँ हैं?"

"तब्येत ठीक नाही," मी म्हटलं. नाना त्या वेळी जळगावात कपाट पुसत होते. शनिवार होता.

चार दिवस मी वॉकीटॉकीवर नानांनाच ऐकलं. एकानं चुकून काही घाईनं सांगितलं की दुसरा म्हणायचा, "पहले पूछने का." उतार लागला की आपणहून सांगायचे, पाँव उतरा. त्यांचे नकाशे आदल्या वर्षीपेक्षा चांगले झाले. डॉक्टरसाहेबांनी माझं अभिनंदन केलं. मी ते घेतलं.

निघताना राघवन म्हणाला की नानांना माझा नमस्कार सांगा, आणि सांगा की मी आता घरच्या बागेतला दगडसुद्धा होता तसाच परत ठेवतो. मी डायरीत लिहिलं, 'नानांना निरोप.' माझ्या डायरीत न झालेलं काम दुसऱ्या दिवशीच्या पानावर उतरवायची पद्धत आहे. ते काम मी रोज पुढच्या पानावर उतरवत गेले. डायरी संपली तेव्हा नव्या डायरीच्या पहिल्या पानावर उतरवलं. खोलीत दोन टेबलं सोडून नाना बसलेले असत. ते मला सकाळी चहा द्यायचे, मी 'ठेवा' म्हणायचे.

गेल्या जूनमध्ये नाना निवृत्त झाले. त्यांच्या ताब्यातले नमुने नव्या माणसाकडे सोपवायचे म्हणून रजिस्टर घेऊन मी बसले. मी क्रमांक वाचायचा, नानांनी नमुना उचलून दाखवायचा, मी खूण करायची. दोनशेनंतर माझा आवाज बारीक होऊ लागला. दोनशे बारा हरवल्याची नोंद मी कधी केलीच नव्हती. केली असती तर तो पेटीत कधी होता आणि कुठं गेला, हे लिहावं लागलं असतं.

"दोनशे अकरा," मी वाचलं. नानांनी दाखवला. मी पान उलटलं. पुढचा आकडा गाळून तेरावर जायचं, असं मनात ठरवलं होतं.

"बारा ऱ्हायना, मॅडम," नाना म्हणाले.

त्यांच्या तळहातावर तो होता. पांढऱ्या सुया तशाच होत्या. मी खरवडलं होतं तिथं नवा पांढरा ठिपका आणि त्यावर २१२. आकडे मोठे, थोडे वाकडे, सातवीपर्यंत शिकलेल्या माणसाचे. बाकी सगळ्या दगडांवर माझं अक्षर होतं.

"हा..." मी म्हटलं.

"आठेनाच शे तो," नाना म्हणाले. "आठेच ऱ्हावाले पाहिजे." इथला, म्हणून इथंच.

त्यांनी तो कप्प्यात ठेवला. वरची बाजू वर, सुया उजेडाकडे. मी खूण केली. आम्ही शेवटपर्यंत यादी पूर्ण केली, कारण दुसरं काय करायचं ते मला कळत नव्हतं. रजिस्टर मिटल्यावर मी म्हटलं, "नाना, राघवनसाहेबांनी तुम्हाला नमस्कार सांगितलाय. दगड होता तसाच परत ठेवतो म्हणाले."

नानांचा चेहरा उजळला. "कव्हय सांगं?"

"झाले थोडे दिवस."

त्यांनी मान हलवली. किती दिवस, ते विचारलं नाही. त्यांनी मला तीन प्रश्नांतला एकही प्रश्न कधी विचारला नाही. विचारला असता तर बरं झालं असतं, असं मला तेव्हापासून वाटत आलंय. आणि तेवढ्यातही हेवा सुटत नाही. मला तो दगड त्यांच्या पिशवीत सापडला असता, तर मी विचारल्याशिवाय राहिले नसते.

अहवालातली ती ओळ चुकीची आहे आणि दगड मी ठेवला होता, असं पत्र मी गेल्या आठवड्यात डॉक्टरसाहेबांना पाठवलं. उत्तर आलेलं नाही. पुस्तिकेवर माझं नाव राहील की नाही, माहीत नाही.

निरोपसमारंभ यादी झाली त्याच दिवशी दुपारी झाला होता. शाल, नारळ, चार भाषणं, त्यातलं एक माझं, मुद्देसूद. नंतर मी वरच्या मजल्यावरच्या खिडकीतून पाहिलं. नाना एका हातात नारळ आणि खांद्यावर शाल घेऊन फाटकाकडे चालले होते. आमचं फाटक आपोआप लागतं म्हणून रखवालदारानं त्याला एक दगड लावून ठेवलेला असतो. नाना थांबले. नारळ काखेत धरला, वाकले, दगड उचलला, उलटा केला, त्यावर तोंडानं वाफ सोडून नाकाशी नेला. मग होता तसा परत ठेवला, चपलेनं जरा दाबला आणि बसथांब्याकडे वळले. मागं पाहिलं नाही.

मी जिना उतरून फाटकाशी गेले. दगड उचलला, उलटा केला, वास घेतला. मला काहीच कळलं नाही. साधा काळा दगड होता. फाटक माझ्या पाठीवर येऊन आपटलं, तेव्हा मी तो घाईनं खाली ठेवायला वाकले. पण आधी त्याची कोणती बाजू वर होती, ते मी पाहिलंच नव्हतं.